उजव्या हाताने डावा कान

बाई बोलता बोलता मध्येच उजवा हात उचलायच्या, डोक्यावरून पलीकडे न्यायच्या आणि डाव्या कानाची पाळी चिमटीत धरायच्या. मग समोरच्या माणसाला शांतपणे विचारायच्या, "पोचला का? पोचला. मग पुढं बोला."

तुमच्यापैकी जे साठीच्या आसपास आहेत त्यांना ही खूण समजावून सांगायला नको. जन्माचे दाखले नसायचे त्या काळात मूल शाळेत घ्यायचं की नाही हे असंच ठरायचं. उजवा हात डोक्यावरून नेला आणि डावा कान हाताला लागला, की पोरगं सहा वर्षांचं. नाही लागला, तर पुढच्या वर्षी या. कान लागलेल्या पोराची जन्मतारीख एक जून. आमच्या मराठवाड्यात त्या काळी जवळजवळ सगळी जनता एक जूनलाच जन्माला यायची. एकतीस मेला संध्याकाळी कुठल्याही सरकारी कार्यालयात डोकावून बघा, निम्मी माणसं गळ्यात निरोपाचे हार घालून बसलेली दिसतील.

माझीही तारीख एक जूनच, आणि ती बाईंनीच लावली. तेव्हा त्या छावणीजवळच्या एका प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गाला होत्या. वडलांनी मला पुढे केलं. माझा हात कानाच्या दोन बोटं अलीकडे थांबला. बाईंनी माझं कोपर धरून थोडं ओढलं, कान थोडा वर ताणला, दोघांची गाठ घालून दिली आणि रजिस्टरात नाव लिहिलं. आठवड्याभराने आईने बोटांवर वर्षं मोजली, तर मी पाचच वर्षांचा निघालो. वडील तारीख बदलून घ्यायला गेले. बाई म्हणाल्या, "एकदा लिहिलं ते लिहिलं. रजिस्टरात खाडाखोड होत नाय."

त्या एका वाक्यापायी मी नोकरीतून एक वर्ष आधी घरी बसलो. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. माहिती म्हणून सांगतो.

पुढे तीसेक वर्षांनी मी निराधार मुलांचं काम बघणाऱ्या एका कार्यालयात होतो. आई-वडील आहेत पण सांभाळू शकत नाहीत, अशी मुलं काही काळासाठी चांगल्या घरात ठेवायची एक योजना आमच्याकडे होती. हे दत्तक नव्हे. मूल कागदोपत्री सरकारचंच राहायचं, फक्त वाढायचं कुणाच्या तरी घरी. वर्षातून एकदा आमच्यापैकी कोणीतरी जाऊन घर धड आहे का, माणूस धड आहे का, हे लिहून आणायचं. सांभाळणाऱ्यासाठी ज्या अटी होत्या त्यांत एक वयाची होती. अर्ज करताना साठीच्या पुढे नसावं.

नियम वाईट नव्हता. मूल म्हाताऱ्या माणसाकडे दिलं आणि चार-दोन वर्षांत त्या माणसानेच डोळे मिटले, तर त्या मुलाचं घर दुसऱ्यांदा मोडतं. असं एक प्रकरण मी स्वतः बघितलं होतं. त्या मुलाला संस्थेत परत आणायला मीच गेलो होतो, आणि रिक्षात तो सबंध रस्ताभर चपला हातात धरून बसला होता. तेव्हापासून त्या ओळीवर बोट ठेवायला मला कधी संकोच वाटला नाही.

अशा वेळी बाई अर्ज घेऊन आल्या. मी त्यांना ओळखलं. त्यांनी मला ओळखलं की नाही ते कळलं नाही, कारण समोरचा प्रत्येक जण आपल्या वर्गात बसून गेलाय, अशा थाटातच त्या बोलायच्या.

बाई मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. पुंडलिकनगरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून आमच्या मुलींच्या संस्थेत रोज दुपारी शिकवायला जायच्या. तिथल्या शीतल नावाच्या मुलीला घरी न्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

मी दाखला बघितला. वय एकसष्ट.

"बाई, वयात बसत नाही."

बाईंनी हात डोक्यावरून नेऊन कान धरला. "पोचला का?"

"इथे कान चालत नाही, बाई. दाखला चालतो."

बाई काहीतरी बोलणार होत्या. तोंड उघडलंही होतं. मग त्यांनी ते मिटलं, अर्जाची चौकोनी घडी घातली आणि पिशवीत ठेवली. "बरोबर हाय. एकदा लिहिलं ते लिहिलं," असं स्वतःशीच म्हणत जिना उतरून गेल्या. खोटं कशाला बोलू, मला थोडं बरं वाटलं. माझं एक वर्ष मला अजून सलत होतं.

पंधरा दिवसांनी मी तपासणीसाठी संस्थेत गेलो. शीतलची फाइल मला पाठ होती. आई मनोरुग्णालयात, बरी होईल अशी चिन्हं नाहीत. बापाचा पत्ता नाही. वय अंदाजे आठ, तेही डॉक्टरने दात बघून सांगितलेलं. मुलगी कोणाशी बोलत नाही असा शेरा होता. मी फाटकात उभा होतो तेव्हा बाई निघाल्या होत्या, आणि ती त्यांच्या पदराचं टोक धरून उभी होती.

"उद्या बी येणार का?" तिने विचारलं.

"उद्या बी येणार. परवाचं परवा," बाई म्हणाल्या.

मुलीने पदर सोडला आणि आत गेली. संस्थेच्या अधीक्षिका म्हणाल्या की ही रोजची गोष्ट आहे. हा एक प्रश्न सोडला तर ती दिवसभरात दुसरं काही बोलत नाही. आणि आठ वर्षांवरच्या मुलींना दुसऱ्या जिल्ह्यातल्या वसतिगृहात हलवायचं वरून पत्र आलं होतं, तिचं नाव त्या यादीत होतं. बाईंना हे मीच सांगितलं. सांगायला नको होतं असं तेव्हा वाटलं. आता वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधी बाई दारात उभ्या होत्या. आत येऊन खुर्चीत बसल्या, पण पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

"लिहून घे," त्या म्हणाल्या. "माझ्या दाखल्यावरचं वय खोटं हाय."

मी पेन उचललं नाही. ते वाक्य त्यांना किती जड गेलं असेल हे त्या कार्यालयात मला एकट्यालाच कळत होतं.

"दादा आन् मी एकाच दिवशी शाळेत बसलो," बाई सांगू लागल्या. "पोलीस ॲक्शन झाल्यावर गावात मराठी शाळा निघाली. दादा दहाचा, मी सहाची. दोघांचे कान लागले. मास्तरनं दोघांना एकच तारीख लावली, अन् दादाचंच साल मला बी लावलं. कागदावर आम्ही जुळे. पोलीस ॲक्शनच्या वक्ताला दादा सात वर्षांचा व्हता, मी तीनची. सरकारनं चार वर्षं आधी घरी बसवलं तवा मी गप बसले. तवा माझं एकटीचं व्हतं."

"तुमचे दादा साक्ष देतील?"

"वारले."

"मग बाई, रजिस्टरात खाडाखोड..." मी म्हणालो. म्हणायला नको होतं, पण तीस वर्षं ते वाक्य माझ्या खिशात होतं.

बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुझं एक वर्ष मी खाल्लं, मला ठावं हाय. तुझा बाप दोनदा आला व्हता. मी चुकले. आता लिहून घेतोस का?"

म्हणजे त्यांनी मला पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं. मला लाज वाटली. मी लिहून घेतलं.

साक्षीदार मिळाला तो अजिंठ्याचा. अजिंठा हेच बाईंचं गाव. तिथे त्यांच्या शेजारच्या मुसलमान घरातली म्हातारी अजून होती, बाई तिला खाला म्हणजे मावशी म्हणायच्या. निर्णय देणाऱ्या समितीपुढे बाई तिला एसटीने घेऊन आल्या. समितीत दोघं जण होते. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त वकील, आणि एक डॉक्टरीणबाई. डॉक्टरीणबाईंनी बाईंची हाडं आणि गुडघे तपासून साठीच्या आत असायला हरकत नाही, असं आधीच लिहिलं होतं. अध्यक्षांना तेवढं पुरत नव्हतं.

बाईंनी हकीगत सांगितली. अठ्ठेचाळीस साली निजामाच्या रझाकारांच्या धास्तीने गल्लीतली हिंदू घरं रानात निघून गेली. बाईंना गोवर निघालेला, अंगात फणफण ताप. रानात नेलं असतं तर वाचल्या नसत्या. आईने त्यांना खालाच्या मांडीवर टाकलं. मग पोलीस ॲक्शन झाली, भारताची फौज आली, आणि आता खालाची माणसं घाबरून निघाली. खाला मात्र मागे राहिली, कारण तापलेलं पोर मांडीवर होतं.

"मेरेइच पास थी ये. तीन साल की," खाला म्हणाली. "बात बी साफ नै करती थी. एक महिना रही मेरे कने."

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "साक्षीदाराच्या वयाचा काही पुरावा?"

मी नाही म्हणालो.

"बरं, तुमचं तेव्हा वय किती होतं?" त्यांनी खालाला विचारलं.

"शादी को एक साल हुआ था," खाला म्हणाली. "उमर किसने पूछी? बच्ची को बुखार था."

मग अध्यक्षांनी खालाचा अंगठा घ्यायला सांगितलं.

पण ते वकील होते. त्यांनी बाईंना विचारलंच, "मान्य केलं, तुम्ही सत्तावन्नच्या. पण ही मुलगी अठराची होईल तेव्हा तुम्ही सदुसष्टच्या व्हाल. जमेल?"

"व्हईन की," बाई म्हणाल्या. "आन् नाही जमलं तर तुम्ही हाताशीच."

अध्यक्षांनी अर्ज मंजूर केला आणि खाली एक अट घातली. दरवर्षीच्या भेटीत घराबरोबर सांभाळणारीच्या प्रकृतीचीही तपासणी करावी, आणि ती ढासळलेली दिसल्यास मुलीला परत घ्यावं. ती अट त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली. बाईंनी ती लक्ष देऊन ऐकली.

शीतल पुंडलिकनगरात राहायला गेली. तिच्या प्रश्नात तेवढा बदल झाला. रोज सकाळी शाळेला निघताना ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबायची.

"उद्या बी इथंच का?"

"उद्या बी इथंच. परवाचं परवा."

दोन वर्षांनी तिने विचारणं सोडलं. बाईंना चुकल्या-चुकल्यासारखं वाटायला लागलं, म्हणून त्या आपणच वरून ओरडायच्या, "अगं, उद्या बी इथंच हां!" तोपर्यंत शीतल गल्लीच्या टोकाला गेलेली असायची.

तिला घेऊन जाताना बाईंनी शाळेत तिची एक जून लावली असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण बाई सिल्लोडकडच्या तिच्या खेड्यात दोनदा एसटीने जाऊन आल्या. पहिल्यांदा काही हाती लागलं नाही. दुसऱ्यांदा तिथल्या जुन्या नर्सबाईंच्या घरी माळ्यावर लस टोचल्याची एक वही निघाली. शीतल दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी जन्मली होती. आणि डॉक्टरने दात बघून सांगितलं होतं त्यापेक्षा ती एक वर्षाने लहान होती.

बाईंनी ती तारीख माझ्या टेबलावर ठेवली.

"बाई, तुमच्या लक्षात येतंय ना?" मी विचारलं. "म्हणजे तुमचं एक वर्ष वाढलं. सदुसष्टचे अडुसष्ट झाले. अंदाजे आठच ठेवलं असतं तर कोणी विचारलं नसतं."

"येतंय की लक्षात," बाई म्हणाल्या. "लिही. नीट लिही, खाडाखोड नको."

आयुष्यभर बाईंनी खरी तारीख शोधून आणलेलं हे एकच पोर. मला थोडा हेवा वाटला.

दरवर्षी मी भेटीला जायचो. आठ दिवस आधी पत्र पाठवायचा नियम होता, तो मी पाळायचो. बाई दार उघडायच्या, मी बसायचो, आणि चहाच्या आधी त्या समोर उभ्या राहून कान धरायच्या. "पोचला का?" मी "पोचला" म्हणायचो आणि फॉर्मवर 'प्रकृती उत्तम' असं लिहायचो. गुडघे, डोळे, रक्तदाब असले रकाने होते. ते मी कान बघूनच भरायचो. शीतल दाराशी उभी राहून हे बघायची. तिला हसू कधीच आलं नाही. ती अबोल आहे म्हणून असेल, असं मी धरून चाललो होतो.

घराबद्दलही लिहावं लागायचं. स्वयंपाकघर स्वच्छ, अभ्यासाला स्वतंत्र जागा, खिडकीत तुळस. एका वर्षी मी असंही लिहिलं होतं की आतल्या दाराच्या चौकटीला कपडे वाळत घालण्यासाठी दोरी बांधलेली आहे. त्या दोरीवर मला कधी कपडा दिसला नाही. पण सरकारी कागदावर मी काही पाहिल्याशिवाय लिहिलेलं नाही.

शेवटच्या वर्षीची भेट मला वेगळी आठवते. शीतलला अठरा पूर्ण व्हायला पाच महिने होते. बाई वाळल्या होत्या. दार शीतलने उघडलं. बाई खुर्चीतून उठल्या, समोर उभ्या राहिल्या आणि हात उचलला. तो खांद्याच्या वर गेला, कपाळाशी आला, मग टाळूवर येऊन थांबला. बोटं केसांत चाचपडत राहिली. कान चार बोटं लांब होता. बाईंच्या ओठावर घाम आला.

"थांब," त्या म्हणाल्या. "आत्ता येतो."

तो येत नव्हता. शीतल दाराची कडी धरून उभी होती. त्या खोलीत नोकरीतला माणूस मी होतो आणि फॉर्म माझ्या मांडीवर होता. अध्यक्षांची अट मला पाठ होती. ते रिक्षातलं मूल आणि त्याच्या हातातल्या चपलाही आठवत होत्या.

मी फॉर्म बाजूला ठेवला. उठलो. बाईंचं कोपर धरून थोडं ओढलं, डावा कान थोडा वर ताणला आणि दोघांची गाठ घालून दिली.

"पोचला," मी म्हणालो.

बाईंनी कान चिमटीत धरून ठेवला. मग म्हणाल्या, "खाडाखोड केलीस."

"तुमच्याकडूनच शिकलो, बाई."

मी 'प्रकृती उत्तम' असं लिहून सही केली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी जाणूनबुजून केलेला हा एकच खोटा शेरा. त्याचं मला वाईट वाटत नाही.

दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी मी प्रकरण बंद झाल्याचा कागद घेऊन गेलो. शीतल आता सरकारची राहिली नव्हती, तिला कोणी परत घेऊ शकत नव्हतं. बाईंनी कागद दोनदा वाचला. सही केली.

"आता तू पुढच्या वर्षी येणार नाहीस?"

"तपासायला नाही येणार. चहाला येईन."

"मग आता मी म्हातारी झाले तर चालंल ना?"

"चालेल, बाई."

आणि त्या खरंच झाल्या. आठवड्याभरात काठी घेतली. भर उन्हाळ्यात शाल पांघरून बसू लागल्या. जिना उतरणं बंद केलं. शीतलला हाका मारून पाणी मागायच्या, चष्मा मागायच्या, हातात असलेली जपमाळही मागायच्या. अकरा वर्षांचं म्हातारपण त्यांनी कुठेतरी ठेवून दिलं होतं, ते सगळं एकदम बाहेर काढलं. शीतल कॉलेजला निघाली की "उद्या बी इथंच का गं?" असं आता त्या विचारायच्या. ती जिन्यातून म्हणायची, "इथंच. परवा बी."

दीड वर्षाने बाई गेल्या. मी दहाव्यानंतर भेटायला गेलो. शीतलने चहा केला. बाईंची खुर्ची खिडकीशी होती आणि आतल्या दाराच्या चौकटीला ती दोरी तशीच लोंबत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "ही कपड्यांची दोरी आता काढून टाक. येता-जाता डोक्याला लागेल."

"कपड्यांची नाय, सर," ती म्हणाली. "खांद्याची हाय."

मला कळलं नाही.

"बाईंचा खांदा धरला व्हता ना. मी चौथीत व्हते तवापासून. तुमचं पत्र आलं की आठ दिवस रोज सकाळी गरम पाण्यानं शेकायच्या, आन् दोरी वरच्या खिळ्यावरून घेऊन एक टोक उजव्या हातात धरायच्या, दुसरं डाव्या हातानं खाली वढायच्या, की उजवा हात वर चढायचा. एक बोट वर, मग अजून एक बोट. रडायच्या बी. मला म्हणायच्या, तू अभ्यास कर, हिकडं बघू नको." तिने कप खाली ठेवला. "तुम्ही गेल्यावर दोन दिवस हात खाली व्हायचा नाय. मी वेणी घालून द्यायची त्यांची."

इतकी वर्षं मी ती गंमत समजून बघत होतो आणि चहा पिऊन परत येत होतो.

निघताना मी दाराशी थांबलो. दोरीचं खालचं टोक धरून धरून काळं पडलं होतं. चौकटीच्या वरच्या अंगाला थोड्या थोड्या अंतरावर पेनाने आडव्या रेघा ओढलेल्या होत्या, दर वर्षाची एक. सगळ्यांत वरच्या रेघेपाशी बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'कान'.